गार चहाच्या शैलजाबाई

शैलजाबाईंबरोबर कुणाचं भांडण मिटवायला जायचं असेल तर घरून चहा पिऊन निघावं. चहा तिथंही मिळतो, एकदा सोडून दोनदा मिळतो, पण तो प्यायची परवानगी मिळेपर्यंत त्यावर जाड साय धरलेली असते.

नियम असा आहे. बैठकीत चहाचा ट्रे आला की शैलजाबाई विचारतात, "चहा कुणी केला?" घरातला कर्ता पुरुष म्हणतो, मंडळींनी केला, घ्या ना. शैलजाबाई घेत नाहीत. ज्या बाईनं चहा केला तिनं बाहेर यायचं, खुर्चीवर बसायचं आणि भांडणाबद्दल पहिलं तिनं बोलायचं. तिचं बोलून होईपर्यंत कपाला कुणी हात लावायचा नाही. आता आमच्या बारामती-इंदापूर भागातली सून सासऱ्यासमोर खुर्चीवर टेकायलाच किती वेळ घेते हे इकडच्या लोकांना सांगायला नको. ती पदर सावरते, दाराची चौकट धरून उभी राहते, "मला काय कळतंय त्यातलं" म्हणते. शैलजाबाई थांबतात. त्यांना घाई नसते. घाई मला असते, कारण मी चहा उकळता पिणारा माणूस आहे.

मी त्यांचा कॉलेजातला जुना सहकारी. त्या समाजशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. कॉलेजात आमचं बोलणं परीक्षेच्या ड्युटीपुरतं. निवृत्त झाल्यावर दोघंही बारामतीत एकाच सोसायटीत, समोरासमोरच्या दारात राहायला आलो आणि माझ्याकडे गाडी आहे हे त्यांना कळलं. तेव्हापासून मी शांततेच्या कार्यात आहे.

हे कार्य म्हणजे काय ते मला बरेच दिवस समजत नव्हतं. बाईंची पीएच.डी. गावातले तंटे आणि बायका या विषयावरची. तंटा पुरुष करतात, मिटवतातही पुरुष, आणि मिटवताना जे काही सोडायचं ते घरातल्या बाईनं सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. बाई जाते नांदायला परत, बाई देते शेतावरचा हक्क सोडून, आणि गावाला वाटतं शांतता झाली. "शांतता म्हणजे गप्प बसणं नव्हे," हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणतात की आमच्या सौभाग्यवती मी घोरायला लागलो की ते मला ऐकवतात.

शांततेवर पीएच.डी. केलेली ही बाई आमच्या सोसायटीत सगळ्यांत जास्त भांडते हेही सांगितलं पाहिजे. पार्किंगवरून भांडल्या, गच्चीच्या किल्लीवरून भांडल्या. दारावरच्या पाट्यांवर घरातल्या बाईचं नाव आधी हवं म्हणून त्यांनी सेक्रेटरीला जेरीस आणलं आणि अखेर पाट्या बदलल्या. कुरिअरवाला अजून मला "सुनंदाताईंचे मिस्टर का?" म्हणून विचारतो. सोसायटीची मीटिंग संपत आली, लोक चपला शोधायला लागले की बाईंचा आवाज येतो, "कोण राहिलं बोलायचं?" हा प्रश्न त्या कुठंही विचारतात. एकदा बँकेच्या रांगेत विचारला आणि मागचे लोक खवळले.

मध्यंतरी त्या काठमांडूला कसल्याशा परिषदेला जाऊन आल्या. तिथं खरोखरीची युद्धं पाहिलेल्या बायका आल्या होत्या. आमच्याकडं तहाच्या टेबलाला सगळे होते, स्वयंपाक करून घालणारी तेवढी नव्हती, असं त्यातल्या एकीनं सांगितलं म्हणे. बाईंनी तिथं आपला चहाचा नियम सांगितला, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. युद्धाबद्दल मी काही बोलू शकत नाही. कन्हेरीचं मात्र डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगतो.

कन्हेरीत दोन भावांची पाण्याच्या पाळीवरून जुंपली होती. दोघांचे ऊस शेजारीशेजारी, मधे बांध, आणि बांधावर काठ्या निघायची वेळ आलेली. आम्ही थोरल्याच्या ओसरीवर बसलो. धाकटाही आला आणि पाठ करून बसला. चहा आला. बाईंनी नेहमीप्रमाणे आत निरोप पाठवला. एक ठसठशीत बाई बाहेर आली, विनातक्रार खुर्चीवर बसली आणि बोलायलाच लागली. दोघांची पाळी ठरवायची काय गरज नाही, ती कधीच ठरलेली आहे, असं तिचं म्हणणं. "ह्या दोगी जावा रोज माज्या परसात भेटत्यात. आज तू दी, उद्या मी दीन, असं त्यांचं कवाच मिटलंय. ह्येच दोगं उगं काठ्या घिऊन फिरत्यात." दोघे भाऊ तोंड उघडं टाकून ऐकत होते. बाईंनी तिथल्या तिथं पाळी लिहून घेतली, दोघांनी मान डोलावली, आम्ही गार चहा प्यायलो. निघताना बाई तिला म्हणाल्या, घरची बाई बोलली की असं होतं बघा. ती म्हणाली, "मी कुठली घरची? मी शेजारची. ह्या दोगी जावा एका स्कूटीवर बाजारला गेल्यात, म्हणून च्या टाकायला आले."

बाईंच्या नियमाला लोकांनी पळवाटाही काढल्या. वालचंदनगरच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं पहिलं बोलायचा मान आपल्याकडं राहावा म्हणून स्वतः चहा केला. आयुष्यातला पहिलाच असावा, कारण त्यात मीठ होतं. बाईंनी त्यांना मान दिला, पहिलं बोलू दिलं आणि कप रिकामाही केला. मला माझा कप गुपचूप ओतूनही टाकता आला नाही, कारण कुंडी लांब होती. दुसऱ्या एका घरी हॉटेलातून चहा मागवला, तर बाईंनी हॉटेलवाल्याच्या बायकोला बोलावून आणलं. तिला भांडणाचं काहीच ठाऊक नव्हतं, पण तिचं स्वतःचं निराळं भांडण निघालं आणि आम्हाला तिथं आणखी दोनदा जावं लागलं.

एवढं सगळं हसत सांगतोय, पण बाईंना एका जागेचं नाव काढलं की हसू येत नाही, आणि ती जागा म्हणजे वरकुटं. इंदापूर तालुक्यातलं वरकुटं हे त्यांचं माहेर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हा माहेर हेच त्यांचं घर होतं. धाकटा भाऊ भानुदास, त्याला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेला. वडील गेल्यावर भानुदासरावांनी रीतीप्रमाणं हक्कसोडीचा विषय काढला. बहिणीनं शेतातला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, भावानं दर दिवाळीला साडी-चोळी करायची, असं हे चालतं. कागद तयार होता. आणि बाई तेव्हा गावोगाव शिबिरं घेऊन बायकांना सांगत होत्या की सही करू नका. त्यांनीही केली नाही. हिस्सा मागितला आणि मिळवला.

तो देताना भानुदासराव म्हणाले, "तुजा हक तुला दिला, आक्का. आता माहेर मागू नगंस." त्यानंतर बहीण-भाऊ बोललेले नाहीत. जमीन बाईंनी तिथल्याच एकट्या राहणाऱ्या बायकांना कसायला दिली. त्या भेंडी, गवार लावतात आणि बाईंना पिशव्या भरून पाठवतात. उन्हाळाभर आमच्या सगळ्या सोसायटीत भेंडी असते. दिवाळीला मात्र बाई कधी बारामतीत सापडत नाहीत. भाऊबिजेच्या आसपास नेमकी त्यांची कुठं ना कुठं कार्यशाळा असते. दिवाळीत कार्यशाळा कोण घेतं, असं मी सुनंदाला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हाला कळत नाही का?" मला खरंच कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका दुपारी बाईंच्या दारात एक मुलगी उभी दिसली. भानुदासरावांची रूपाली. तिचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नाआधी तिनं हक्कसोडीवर सही करावी असं वडिलांनी सांगितलं होतं. एकदा झालं तेवढं बास, आता आधीच मिटवून टाकू, असं ते घरात म्हणत होते. ती वडिलांना न सांगता एस.टी.नं आली होती. मी भेंडीची रिकामी पिशवी परत द्यायला गेलो होतो तो तिथंच अडकलो. रूपालीनं सरळ विचारलं, "आत्या, सही करू का नको?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी किती बायकांना दिलंय याला गणती नाही. त्या झोपेतही देतील. पण त्या दिवशी त्यांनी आधी चष्मा काढून पदरानं पुसला. पंखा फिरत होता, रूपाली त्यांच्याकडं बघत होती, मी पिशवीच्या गाठी मोजत होतो. मग बाई म्हणाल्या, "नाही करायची, हेच बरोबर आहे. पण शिबिरात मी एवढंच सांगते. नंतरची दिवाळी कशी जाते ते सांगत नाही."

रूपाली रडायला लागली. तिला आत्याचंही पटत होतं आणि वडीलही सोडवत नव्हते. बाईंनी तिला पाणी दिलं आणि आई काय म्हणते ते विचारलं. आईला कुणी विचारलंच नाही, असं रूपाली म्हणाली. बाई ताडकन उठल्या. मला वाटलं आता भाषण होणार. पण त्या आत गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, उद्या गाडी आहे का?"

वरकुट्याला जाताना बाईंचं बाहेर लक्ष नव्हतं. एरवी त्या गाडीत बसल्या की दिसेल त्या बोर्डावर टीका करतात. वाटेत दोनदा त्यांनी विचारलं की साडी ठीक दिसतेय ना. मी या बाईंना तहसीलदारासमोर टेबल आपटताना पाहिलंय, आणि ह्या त्याच बाई पदराला पिना लावून काढत होत्या.

भानुदासराव अंगणात होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, खुर्च्या टाकायला सांगितल्या आणि स्वतः लांब, कडुनिंबाखाली बसले. पाहुणा म्हणून माझी चौकशी केली. ऊस कसा आहे, पाऊस कसा आहे, यावर मी जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. बहिणीकडं त्यांनी पाहिलं नाही. रूपाली आत होती. थोड्या वेळानं चहाचा ट्रे घेऊन भानुदासरावांच्या पत्नी, मंगलवहिनी, बाहेर आल्या. त्यांनी बाईंच्या हातात कप दिला, आणि बाईंनी तो खाली ठेवला.

मला माहीत होतं आता काय होणार. पण बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्या उठल्या, आपली खुर्ची मंगलवहिनींना दिली आणि स्वतः ओसरीच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मंगल, आधी तू बोल. रूपीच्या सहीचं बोल. आणि आणखी काही असेल तर तेही."

मंगलवहिनींनी नवऱ्याकडं पाहिलं. मग खुर्चीवर टेकल्या, अगदी कडेला.

"वाटणीच्या दिशी बी च्या मीच केला व्हता, वन्सं," त्या म्हणाल्या. "तुमी दोगं तावातावानं बोलत व्हता. मी दाराआड हुबी. मला म्हणायचं व्हतं, वाटा द्या वन्सांना, आन दिवाळीला बी या म्हणावं. दोनी व्हतंय की. एक दिलं की दुसरं का जावं? पर कुणी इचारलंच न्हाय. तुमीबी न्हाय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "निघताना फाटकापाशी मागं वळून बघितलं, तर तू कप उचलत होतीस. तुझा चेहरा पाहिला आणि कळलं की हिला विचारायचं राहिलं. तेव्हापासून मंगल, मी तालुक्यातल्या प्रत्येक घरात विचारत फिरते. इथं तेवढं यायचं धाडस झालं नाही. लाज वाटायची."

इतकी वर्षं मी ज्या नियमावर हसत होतो, त्याच्यापायी गार चहा पीत होतो, तो कुठून आला ते मला त्या अंगणात कळलं. आणि मला फार वाईट वाटलं. काठमांडूत टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ते माहीत नसणार.

मंगलवहिनींनी डोळे पुसले आणि मग एकदम खड्या आवाजात म्हणाल्या, "रूपीची सही व्हणार न्हाय. मी माज्या माहेरी केली, मला म्हाईत हाय. भाऊ साडी आणतोय वर्साला, पर मी चार दिस जास्त राहिले तर भावजय ताट आपटती. पोरीनं सही बी करायची न्हाय आन तिचं येणंजाणं बी सुटायचं न्हाय. ह्ये माजं म्हणणं हाय."

भानुदासराव कडुनिंबाखालून उठले. मला वाटलं भडकतील. त्यांनी चप्पल घातली आणि मोटर चालू करायला विहिरीकडं निघून गेले. मोटर आधीपासून चालूच होती, तिचा आवाज आम्हाला येत होता. आम्ही वाट पाहिली, ते परत आले नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही निघालो.

सहीचा विषय मात्र त्या घरात पुन्हा निघाला नाही. भानुदासरावांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कागद कुठं गेला कुणालाच माहीत नाही. लग्नाची पत्रिका आली ती मंगलवहिनींनी स्वतःच्या हातानं नाव घातलेली, आणि सोबत फोन आला की आत्या आलीच पाहिजे.

लग्न इंदापूरला कार्यालयात होतं. आमच्याकडच्या लग्नात असतं ते सगळं होतं. माइकवरून पुढाऱ्यांची नावं पुकारली जात होती, अक्षता वाटणारे थकले होते, आणि मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. एरवी बाईंनी माइकवर एकाही बाईचं नाव का नाही म्हणून जाब विचारला असता. त्या दिवशी त्या मागच्या रांगेत माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. रूपालीनं स्टेजवरून त्यांना पाहिलं आणि हात केला, तर यांनी इकडंतिकडं बघितलं की आपल्यालाच का.

अक्षता पडल्यावर पंगती सुरू झाल्या. आम्ही उठणार एवढ्यात मंगलवहिनी साडीचं पुडकं घेऊन आल्या आणि त्यांच्यामागं भानुदासराव. त्यांच्या डोक्याला फेटा होता, त्यामुळं ते होते त्याहून म्हातारे दिसत होते. मंगलवहिनींनी बाईंच्या हातात साडी दिली. भानुदासराव मंडपाच्या खांबाकडं बघत उभे होते. मग खांबाकडंच बघत बायकोला म्हणाले, "इचार आक्काला. जेवली का."

मंगलवहिनींनी विचारायची गरजच नव्हती, पण त्यांनी विचारलं, "वन्सं, जेवला का?"

"सांग त्याला," बाई म्हणाल्या, "जेवले म्हणावं. पोटभर."

भानुदासरावांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या पाहुण्यांकडं वळले. दुसरं कुणी असं बायकोच्या तोंडून बोललं असतं तर बाईंनी त्याला तिथंच थांबवून समोरासमोर बसवलं असतं. इथं त्या साडीच्या पुडक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या. आम्ही जेवलो नव्हतो. पंगतीत पुरणपोळी होती, आमटीचा वास थेट आमच्यापर्यंत येत होता, पण बाई जेवल्या म्हटल्यावर मीही जेवलेलो असणं भाग होतं. आम्ही गाडीत येऊन बसलो.

वाटेत लासुर्ण्यात वडापावची गाडी दिसली तशी मी न विचारता कार थांबवली. बाकड्यावर बसलो. बाईंनी पहिला वडापाव खाल्ला, दुसरा घेतला, आणि तो अर्धा खाऊन झाल्यावर रडायला लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. काय करावं ते मला कळेना. गाडीवाला भजी तळायचा थांबून आमच्याकडं बघायला लागला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, इतकं जर होतं, तर जेवले म्हणून कशाला सांगितलंत? नाही म्हणायचं होतं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"नाही म्हटलं असतं, सर," त्या म्हणाल्या, "तर मग जेवायला बस असं त्याला म्हणावं लागलं असतं. आणि तो म्हणाला नसता तर?"

 मी त्यांच्यासाठी आणखी एक वडापाव आणायला उठलो.